चांगुणा आणि सारा : एका बलिदानाची ज्यू वाचने

चिलया बाळाचे आख्यान मी अमरावतीत आणि अकोल्याकडच्या खेड्यांत किती वेळा ऐकले, त्याची मोजदाद नाही. अतिथी नरमांस मागतो, श्रियाळ आणि चांगुणा पोटचे पोर कापतात. मुख पाहायला म्हणून आईने झाकून ठेवलेले शिरही तिला उखळात कांडावे लागते, आणि तेही डोळ्यांत पाणी न आणता. शेवटी बाळ धावत येते, गजर होतो, पदराने डोळे पुसत बायका उठतात. मला मात्र तेव्हापासून एकच गोष्ट सलते : या घरात ‘नाही’ म्हणायला कुणाला जागा होती का?

हिब्रू बायबलमधील उत्पत्तीचा बाविसावा अध्याय वाचताना तेच सलते. देव अब्राहामाकडे इसहाक मागतो, आणि अब्राहाम सकाळी लवकर उठून निघतो. चारच अध्यायांपूर्वी याच माणसाने सदोम नगरीसाठी देवाशी घासाघीस केली होती. पन्नास नीतिमानांपासून त्याने बोली दहापर्यंत खाली आणली होती. परक्यांसाठी एवढे भांडणारा पोराच्या वेळी गप्प का? मूळ ग्रंथ सांगत नाही. साराला तर त्या अध्यायात बोलायला एक वाक्यही नाही.

ज्यू परंपरेतील मिद्राश अशा रिकाम्या जागांत शिरतो. आपल्याला ही रीत परकी वाटू नये. कोकणातून आलेल्या बेने इस्राएल समाजाने 1880 च्या सुमारास मुंबईत कीर्तनोत्तेजक मंडळ काढले आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी साकी-दिंडीत लावली. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले हे लोक. त्यांना कीर्तनच जवळचे वाटले, याचे मला नवल नाही. पोथीने न सांगितलेला संवाद कीर्तनकार श्रोत्यांसमोर उभा करतो. मिद्राशकारही तेच करतात.

अकराव्या शतकातील फ्रान्समधला भाष्यकार राशी देवाच्या एकाच आज्ञेचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यावर अब्राहामाला बोलते करतो. तुझा मुलगा आण. मला दोन आहेत. एकुलता एक आण. दोघेही आपापल्या आईचे एकुलते आहेत. तुझा लाडका आण. दोघेही लाडके. मग कुठे इसहाकाचे नाव येते. ग्रंथातल्या मुक्या बापाला इथे निदान टाळाटाळ तरी करता येते. हाच राशी पुढे म्हणतो, की देवाने ‘काप’ असे म्हटलेच नव्हते, ‘वर ने’ एवढेच म्हटले होते. हा खुलासा मला पटत नाही. देवाला शब्दाच्या अर्थाने सोडवून घेतले, पण सुरी उचललेला हात तिथेच राहिला.

त्याहून खोल वाचन साराचे आहे. लेवीय ग्रंथावरच्या मिद्राशात इसहाक घरी परततो, आई विचारते कुठे होतास, आणि तो सगळे सांगतो. देवदूत आडवा आला नसता तर तू कापला गेला असतास? हो. सारा सहा वेळा आक्रोश करते आणि त्यातच मरते. मूल जिवंत समोर उभे असताना आई जाते! आपल्या आख्यानात बाळ परतले की हिशेब पुरा होतो. मिद्राश तसा तो पुरा होऊ देत नाही. बेने इस्राएल ज्याला नव्याचा सण म्हणत, त्या वर्षारंभाच्या दुसऱ्या दिवशी सभास्थानात हाच अध्याय वाचतात आणि मेंढ्याचे शिंग फुंकतात. त्या शिंगाच्या सहा नादांत मिद्राशाला साराचे ते सहा आक्रोश ऐकू येतात. श्रद्धेचा गौरव आणि तिची किंमत एकाच प्रार्थनेत ठेवणारी ही धर्मदृष्टी मला फार प्रामाणिक वाटते.

वऱ्हाडात याच्या सर्वांत जवळ गेले ते गाडगेबाबा. शेंडगावात जन्मलेल्या, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात वाढलेल्या या माणसाने नवसाच्या बकऱ्या-कोंबड्यांवर आयुष्यभर कोरडे ओढले. पोथी न उघडता ते समोरच्या गर्दीला एकामागून एक प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांकडूनच वदवून घेत. देव जीव घेऊन प्रसन्न होतो का, हे तिथे श्रोत्यालाच ठरवावे लागे. श्रियाळाचे आख्यान त्या रीतीने, चांगुणेला काय वाटले असेल असे मंडपाला विचारीत लावलेले, मी अजून ऐकलेले नाही.