अमृता शेरगिल आणि शैलीचा शोध

चित्रकारासंबंधीं लिहितांना 'त्याला स्वतःची शैली सांपडली' हें वाक्य आपण फार सढळपणें वापरतों. जणूं शैली ही हरवलेली अंगठी असून कोनाकोपरा धुंडाळला म्हणजे ती हातीं यावी! आमच्या मतें येथें सांपडण्यापेक्षां सोडण्याला अधिक महत्त्व आहे. अमृता शेरगिल यांच्या चित्रांवरून हें चांगलें दिसून येईल.

1913 सालीं बुडापेस्ट येथें जन्मलेल्या या चित्रकर्तीची आई हंगेरियन व वडील शीख. शिक्षण झालें पॅरिसच्या 'एकोल दे बोझार' या कलाशाळेंत. 1932 मधील 'यंग गर्ल्स' या चित्रास पुढल्याच वर्षीं तेथील प्रदर्शनांत सुवर्णपदक मिळालें. वय अवघें वीस. हातांत कौशल्य, पदरीं कीर्ति. मग उणें काय होतें? उणें इतकेंच कीं, असें चित्र पॅरिसमधील दुसऱ्या एखाद्या बुद्धिमान विद्यार्थ्याच्या हातूनही उतरलें असतें.

1934 च्या अखेरीस त्या हिंदुस्थानांत परतल्या. 1935 च्या 'थ्री गर्ल्स'मध्यें विषय बदलला, आकृति साध्या झाल्या. परंतु त्या मुलींच्या विषादावर गोगँ या फ्रेंच चित्रकाराची छाया आहे. देश बदलल्यानें दृष्टि आपोआप बदलत नाहीं.

1936 च्या अखेरीस त्यांनीं अजिंठा पाहिला. त्यापूर्वीं बंगालच्या चित्रकारांनींही या लेण्यांपासून स्फूर्ति घेतली होती. पण त्यांपैकीं कित्येकांनीं तेथून लवचिक बोटें व अर्धोन्मीलित नेत्र तेवढे उचलले. अमृताबाईंनीं घेतलें तें रचनेचें बळ. 1937 मधील 'ब्रह्मचारी' पाहावें. सांवळीं अंगें आणि शुभ्र धोतरें यांच्या तोलावर सारें चित्र उभें आहे. छायाप्रकाशाचें जें कसब पॅरिसनें शिकविलें, तें येथें मागें सारलें आहे. या बटूंपैकीं कोणीही आपली करुणा मागत नाहीं. अजिंठ्याची एकही आकृति येथें उसनी नाहीं, आणि अजिंठ्यावांचून हें चित्र झालेंही नसतें.

हीं माणसें फार मूक आहेत, असा आक्षेप घेतां येईल, व तो अगदींच निराधार नाहीं. परंतु बाई येथेंही थांबल्या नाहींत. 1940 मधील 'एन्शंट स्टोरी टेलर'मध्यें आकृति लहान होतात, भोंवतालचें घर-अंगण बोलूं लागतें; मोगल व पहाडी चित्रांचा अभ्यास जाणवतो. मिळविलेली शैलीही त्या मागें टाकूं लागल्या होत्या. 1941 च्या डिसेंबरांत लाहोर येथें वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं मृत्यूनें तो प्रवास तोडला.

आपल्या घरांतील मुलाचा हात चित्रकलेंत चालूं लागला कीं आपण त्याची बक्षिसें भिंतीवर लावतों. तें योग्यच आहे. पण ज्या सफाईनें बक्षीस मिळालें, तीच सोडून त्यानें उद्यां चांचपडत नवें कांहीं आरंभिलें, तर आपण त्यास धीर देऊं, कीं जुनीं बक्षिसें दाखवून मागें बोलावूं?