‘पायउतार’ : एका शब्दाची छाननी

अलीकडील इतिहासलेखनांत कोणीहि राजा, कारभारी वा मंत्री अधिकारावरून गेला कीं तो ‘पायउतार झाला’ असें लिहिण्याचा प्रघात पडला आहे. वर्तमानपत्रांत हा शब्द शोभतो. परंतु जुनीं कागदपत्रें छापणाऱ्यानें तो टीपेंत घालण्यापूर्वी पारखून घेतला पाहिजे, असें आमचें मत आहे.

या शब्दाचा जुना संबंध पाण्याशीं व घोड्याशीं आहे. ‘उतार’ म्हणजे नदी ओलांडण्याची जागा. ‘पायउतार’ म्हणजे नावेवांचून, पायीं ओलांडतां येण्याजोगें पाणी. दसऱ्यानंतर फौजा मोहिमेस निघत, त्याचें एक कारण पावसाळ्यांत दुथडी वाहणाऱ्या नद्या तेव्हां ओसरूं लागत, हें होय. हा अर्थ संग्राहकांच्या फार उपयोगाचा आहे. पुष्कळ पत्रांवर केवळ चंद्र असतो, साल नसतें. हिजरी महिना दरवर्षीं सुमारें अकरा दिवस मागें सरत सर्व ऋतूंतून फिरतो. म्हणून अशा पत्रांत नदी पायउतार झाल्याचा उल्लेख आला, तर महिना व ऋतु यांची सांगड घालून सालाचा शोध थोड्याच वर्षांवर आणतां येतो.

दुसरा अर्थ स्वाराचा. घोड्यावरून उतरून जो पायीं झाला तो पायउतार किंवा पायउतारा. वडील माणसापुढें हें अदबीनें होई, रणांत निकरानें. घोडा सोडणें म्हणजे पळून जाण्याचें साधन सोडणें. अशा स्थळीं ‘अधिकार सोडला’ अशी टीप पडली, तर शूर पुरुष विनाकारण भित्रा ठरतो.

आतां प्रचलित अर्थाकडे वळूं. त्याचा मुख्य दोष हा कीं, उतरणारा आपण होऊन उतरला कीं त्यास कोणी उतरविलें, हें तो झांकून ठेवतो. कोल्हापूरच्याच गादीचीं तीन उदाहरणें घ्यावीं. १७१४ सालीं पन्हाळ्यावर महाराणी ताराबाई व त्यांचे पुत्र शिवाजी यांस कैदेंत टाकून राजसबाईंचे पुत्र संभाजी यांस गादीवर बसविण्यांत आलें. येथें ‘पदच्युत केलें’ हेंच खरें. ‘शिवाजी पायउतार झाले’ म्हटल्यानें कर्ता नाहींसा होतो, आणि त्याबरोबर राजवाड्यांतील कटहि. १९४६ त बाल शिवाजी महाराज निवर्तल्यावर, १९४७ त देवास थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार ती गादी सोडून कोल्हापुरास दत्तक आले व शहाजी महाराज झाले. हा त्याग खरा, परंतु एक गादी सोडून दुसरी स्वीकारण्याचा. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, तेव्हां राज्याधिकार गेला. परंतु राजपदाची मान्यता व तनखा १९७१ च्या घटनादुरुस्तीपर्यंत टिकले. तीन प्रसंग, तीन प्रकार. एकच शब्द तिन्ही ठिकाणीं लावणें म्हणजे भेद पुसून टाकणें होय.

‘राजीनामा’ या शब्दाविषयींहि असेंच सावध राहावें. त्याचा अक्षरार्थ संमतिपत्र. वादी व प्रतिवादी पंचांचा निवाडा मान्य करण्याविषयीं राजीनामा लिहून देत. हरलेला पुढें यजितपत्र देई. इंग्रजी अमदानींत जमिनीचा जुना खातेदार राजीनामा व नवा कबुलायत देई. तेव्हां दप्तरांत राजीनामा दिसला म्हणून कोणी चाकरी सोडली असें समजूं नये.

भाषा बदलते, आणि बोलणाऱ्यांनीं नवा अर्थ वापरूं नये असा आमचा आग्रह नाहीं. आग्रह एवढाच कीं, संपादकानें मूळ शब्द जसाच्या तसा छापावा. टीपेंत नदी, घोडा कीं पद हें संदर्भावरून ठरवावें. आणि पदाचा प्रसंग असल्यास ‘सोडलें’ कीं ‘काढलें’ हें स्पष्ट लिहावें. कागद जें सांगतो तें टीपेनें झांकूं नये.