तीस शिलिंगांचे पुस्तक आणि कारागिराचा हात

पुस्तकाची पारख मजकुरावरून करावी, छपाईवरून नव्हे, असे आम्ही वर्गात सांगत आलो. एका पुस्तकाने मात्र आम्हाला थबकायला लावले. जॉन रस्किन यांचा ‘द नेचर ऑफ गॉथिक’ हा निबंध विल्यम मॉरिस यांनी १८९२ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ भागातील आपल्या केल्मस्कॉट प्रेसमध्ये छापला, ते हे पुस्तक.

निबंध मुळात ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’च्या दुसऱ्या खंडातील (१८५३) एक प्रकरण. मध्ययुगीन चर्चच्या ओबडधोबड कोरीवकामात रस्किन यांना पाथरवटाचे स्वातंत्र्य दिसते. त्याला चुकण्याची मुभा होती, म्हणून तो माणूस राहिला. हुकुमाबरहुकूम निर्दोष नक्षी काढणारा मात्र अवजार बनतो. ते काचेच्या मण्यांचे उदाहरण देतात. मजुराने दिवसभर कांड्या तोडायच्या, डोके चालवायला जागाच नाही. असे मणी विकत घेणारा गुलामगिरीला हातभार लावतो, हा त्यांचा आरोप आजही झोंबतो.

मॉरिस यांनी हा विचार छपाईत उतरवला. कागद हातबनावटीचा, यंत्र हाताने चालणारे आणि टाइप पंधराव्या शतकातील व्हेनिसचे मुद्रक निकोलस जेन्सन यांच्या अक्षरांवरून मॉरिस यांनी स्वतः आखलेला. मजकूर जे सांगतो, ते पान करून दाखवते. पण प्रती ५०० आणि किंमत ३० शिलिंग! साध्या मजुराला आठवडाभर राबून एवढे मिळत नव्हते. याउलट १८५४ मध्ये लंडनचे वर्किंग मेन्स कॉलेज सुरू झाले, तेव्हा हाच निबंध साध्या पुस्तिकेच्या रूपाने कामगारांच्या हाती दिला गेला होता.

उर्दू वाचकाला हा पेच परका नाही. १९८१ पासून नूरी नस्तालिक संगणकावर आले. पुस्तके झटपट निघू लागली आणि कातिबांच्या हातचे काम गेले. यंत्राने उर्दू किताब तारली, कातिबाला तारले नाही.

रस्किन यांचीही एक बाजू झाकून चालणार नाही. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ मधील व्याख्यानात, त्यांनी भारतीय कलेचे नाते थेट क्रौर्याशी जोडले. युरोपच्या पाथरवटाला लावलेले माणुसकीचे माप त्यांनी इथल्या विणकराला लावले नाही. विचार मोठा, पण विचारवंताचे मन तिथे तोकडे पडले.

तरीही हा निबंध वाचावा, असे आम्ही म्हणू. मॉरिस यांची प्रत मेहनतीची इज्जत दाखवते, कॉलेजची पुस्तिका ती इज्जत मेहनत करणाऱ्यापर्यंत पोहोचवते. दोन्हींतली एकच ठेवायची वेळ आली, तर आम्ही पुस्तिका ठेवू. कारागिराविषयीचे पुस्तक कारागिराला परवडले पाहिजे.