आपलें गांव परक्यांस सांगतांना

परगांवीं राहणाऱ्या माणसास एक प्रश्न जन्मभर सोबत करतो: ‘आपलें गांव कोणतें?’ पुणेकरास किंवा मुंबईकरास त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येतें; आमच्यासारख्यास येत नाहीं. ‘मेहरूण’ म्हटलें कीं पुढचा प्रश्न ठरलेला: ‘हें कोठें आलें?’ ‘जळगांवास’ म्हणावें, तर विचारणारा म्हणतो, ‘म्हणजे अजिंठा पाहावयास जातांना उतरतात तें स्टेशन!’ क्वचित् एखादे वृद्ध गृहस्थ ‘बोरांचें मेहरूण काय?’ असें विचारतात, आणि आम्हांस त्यांचे पाय धरावेसे वाटतात. पण त्यांनाही बोर ठाऊक असतें, गांव ठाऊक नसतें. तें त्यांना सांगावें कसें? हा प्रश्न वरवर घरगुती दिसला तरी मुळांत साहित्याचा आहे, आणि आमच्या खानदेशांत त्याला आजवर मिळालेलीं उत्तरें तपासून पाहण्यासारखीं आहेत.

पहिलें उत्तर सरकारी. इ. स. १८८० सालीं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड निघाला, तो खानदेशाचा. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखालीं तयार झालेल्या या ग्रंथांत जमीन, पाऊस, पिकें, जाती, व्यापार, रस्ते हें सारें आहे, आणि शेवटीं प्रेक्षणीय गांवें वर्णानुक्रमानें लावलेलीं आहेत. या ग्रंथाच्या परिश्रमाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. पण कोणतेंही वर्णन वाचतांना तें कोणासाठीं लिहिलें आहे हें आधीं पाहावें. गॅझेटियर हें बदली होऊन येणाऱ्या अंमलदारासाठीं लिहिलेलें आहे. ज्याला गांवावर अंमल चालवावयाचा आहे त्याला गांवाचा सारा, पीक व विहिरींची संख्या एवढें कळलें म्हणजे पुरतें. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीचेंही तेंच. इ. स. १९०७ च्या खंडांत त्यांनीं खानदेशी बोलीस भिल्ल भाषांच्या शेजारीं बसविलें. मराठीच्या खंडांत नव्हे. तें योग्य कीं अयोग्य, हा वाद भाषाशास्त्रज्ञांनीं खुशाल खेळावा. आमचें म्हणणें इतकेंच कीं, वस्तु कोणत्या फडताळांत ठेवावयाची हें ठरलें म्हणजे ती वस्तु कळली असें होत नाहीं.

दुसरें उत्तर गौरवाचें, आणि तें आमचें आम्हीच देतों. काळी जमीन, कापूस, केळीच्या बागा, सराफ्यांतील चोख सोनें, भरताचीं वांगीं, कळण्याची भाकरी. एकामागून एक पदार्थ पाहुण्यापुढें मांडावयाचे. इ. स. २०१६ मध्यें जळगांवच्या केळ्यास आणि भरताच्या वांग्यास भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हांपासून या यादीस सरकारी मोहोरही लाभली आहे. यादींत खोटें कांहींच नाहीं. ती आम्हीही पुष्कळदां मोठ्या हौसेनें वाचून दाखविली आहे. परंतु ही यादी गिऱ्हाइकासाठीं आहे. ऐकणारा ‘वा!’ म्हणतो, पुढच्या खेपेस वांगीं आणावयास सांगतो, आणि गांव होतें तेथेंच राहतें.

तिसरें उत्तर अधिक नाजूक व म्हणूनच अधिक फसवें. मराठी वाचकाच्या मनांत ‘सुंदर गांव’ म्हणून जें चित्र मुरलेलें आहे तें बहुधा कोंकणचें आहे: समुद्र, माड, तांबडी माती, कौलारू घर. हा दोष कोंकणच्या कवींचा नव्हे. केशवसुत कोंकणचे, पोटासाठीं ते आमच्या भडगांवास व फैजपुरास शिक्षक होते. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यास उद्देशून त्यांनीं जी कविता लिहिली तींत मायभूमीपासून दुरावलेल्या माणसाची खरी तळमळ आहे. धरणगांवीं जन्मलेले बालकवि इ. स. १९०७ च्या जळगांवच्या कविसंमेलनानें महाराष्ट्रास माहीत झाले. त्यांच्या निर्झरास आणि औदुंबरास कोणताच जिल्हा नाहीं, आणि असावा अशी मागणी करणें अरसिकपणाचें होईल. दोष आहे तो आमच्यासारख्या अनुयायांचा. आमच्याकडे समुद्र नाहीं. सपाट काळें रान आहे आणि वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांवर चढविणारा उन्हाळा आहे. मग आम्ही उसन्या डोळ्यांनीं गांव पाहतों, आणि जें तेथें नाहीं तें तेथें लिहितों.

हें आम्ही दुसऱ्या कोणाविषयीं बोलत नसून स्वतःविषयींच बोलत आहों. शिक्षणासाठीं पुण्यास आलों त्या वर्षीं खाणावळींत एकदां आमच्या तोंडून ‘डोळा’ऐवजीं ‘डोया’ हा शब्द गेला, आणि सारी पंगत हसली. आमच्या भागांतील लेवा बोलींत ‘ळ’चा ‘य’ होतो. जळगांवचेंही ‘जयगाव’ होतें. त्या दिवसापासून आम्ही ‘ळ’ जपून उच्चारूं लागलों, आणि त्याच जपणुकीनें कॉलेजच्या वार्षिकासाठीं ‘माझें गांव’ या विषयावर निबंध लिहिला. त्यांत मेहरूणचा तलाव होता. त्याच्या निळ्या पाण्यावर कमळें होतीं, कांठावर डुलणारीं झाडें होतीं आणि गुरें वळविणारा एक गुराखी पांवाही वाजवीत होता. सुटींत तो निबंध मोठ्या अभिमानानें घरीं वाचून दाखविला. आमच्या मायनें (मातोश्री म्हणण्याची आमच्याकडे चाल नाहीं) हातांतलें काम थांबवून तो शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलें, “चांगलं लिहिलं. पन हे कोनतं गाव रे बापा?” त्या एका प्रश्नाहून मार्मिक टीका आमच्या लेखनावर पुढें कोणीं केलेली आम्हांस आठवत नाहीं.

आतां चौथें उत्तर पाहूं. ज्या १८८० सालीं गॅझेटियरचा खंड प्रसिद्ध झाला त्याच सालीं, जळगांवापासून दोन कोसांच्या आंत असलेल्या असोदें गांवीं, बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतांत आणि जात्यावर त्यांनीं रचलेलीं गाणीं घरच्यांनीं वेळोवेळीं टिपून ठेविलीं, इ. स. १९५१ मध्यें त्या वारल्या, आणि १९५२ मध्यें चिरंजीव सोपानदेव यांच्या खटपटीनें व आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तीं ग्रंथरूपानें बाहेर आलीं. खानदेश महाराष्ट्रास खऱ्या अर्थानें कळला तो या पुस्तकानें, असें आमचें मत आहे. आणि आश्चर्य हें कीं, या बाईंनीं खानदेशाचें वर्णन परक्यांस करण्याचा प्रयत्न केलेलाच नाहीं.

त्या बोलतात त्या जात्याशीं, जमिनीशीं, सुगरणीच्या खोप्याकडे बघणाऱ्या माणसाशीं. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी असा शेताचा क्रम त्यांच्या गाण्यांत आहे. तो देखावा म्हणून आलेला नाहीं, काम म्हणून आला आहे. उपणणीच्या गाण्यांत त्या वाऱ्यास बोलावतात. केशवसुतांचा वारा आणि हा वारा शेजारीं ठेवून पाहावे. एकाला वारा हवा तो दूरच्या मायभूमीचा निरोप म्हणून; दुसरीला हवा तो खळ्यांतला भुसा उडवून दाणे वेगळे करण्यासाठीं, आणि म्हणून ती त्याला मारुतीचा बाप म्हणून नात्यानें हाक मारते. दोन्हीं गाणीं खरीं आहेत. पण पहिल्यांत गांव गमावलेलें आहे, दुसऱ्यांत तें चालू आहे. प्लेगांत गांव ओस पडलें त्याचेंही गाणें बहिणाबाईंनीं रचलें, आखजीच्या सणाचें रचलें, छापखान्याचेंही रचलें. गौरवाच्या यादींत प्लेग बसत नाहीं आणि उसन्या चित्रांत छापखाना बसत नाहीं. जें गांवांत घडलें तें गाण्यांत आलें, एवढाच तेथला नियम.

येथें आमची एक तक्रार आहे, आणि ती बाईंविषयीं नसून वाचकांविषयीं आहे. महाराष्ट्रानें बहिणाबाईंस डोक्यावर घेतलें, परंतु घेतांना गाण्यांतलीं सुभाषितें तेवढीं उचललीं. संसाराविषयींच्या आणि मनाविषयींच्या ओळी लग्नपत्रिकांवर व शाळांच्या भिंतींवर गेल्या. ज्या रानांतून त्या निघाल्या तें रान मागें राहिलें. निरक्षर बाई असून केवढें तत्त्वज्ञान, हें कौतुक करतांना आपण त्या शहाणपणाचा पत्ता पुसून टाकतों. मनाला उभ्या पिकांतल्या गुराची उपमा देणाऱ्या बाईनें तें ढोर स्वतः किती वेळां हांकललें असेल, हें ध्यानांत घेतल्यावांचून ती उपमा अर्धीच कळते.

यावर कोणी विचारील, ‘आपल्याच माणसांशीं आपल्याच बोलींत बोलणाऱ्याचें बोलणें परक्यास कळावें कसें?’ शंका रास्त आहे. बहिणाबाईंच्या पुस्तकांतील कित्येक शब्दांचे अर्थ पुणेकरास विचारून घ्यावे लागतात. तरीही तें पुस्तक पुणेकराच्या घरांत शिरलें. याचें कारण शोधतांना आम्हांस आमच्या बोरींकडेच यावें लागतें. मेहरूणचें बोर लावावयाचें तर त्याची आठोळी पेरून भागत नाहीं. आठोळीपासून मूळचेंच फळ मिळेल असा भरंवसा नसतो. त्यासाठीं गांवठी बोरीच्या रोपावर मेहरूणच्या बोरीचा डोळा भरावा लागतो. मूळ त्या त्या जमिनीचें, डोळा आमचा. याच रीतीनें ‘मेहरूण’ हें नांव उमराण, कडाका इत्यादि जातींच्या पंक्तीस जाऊन बसलें आहे. गौरवाची यादी म्हणजे बोरांची टोपली. ती पाठविली, खाल्ली, संपली. बहिणाबाईंचें गाणें म्हणजे डोळा. ऐकणाऱ्याच्या मनांत त्याचें स्वतःचें गांव मूळ धरून असतेंच. त्यावर तें गाणें चिकटतें, आणि फळ धरतें तें त्याच्याच झाडाला. परक्यास आपलें गांव समजतें तें त्याला त्याचें गांव आठवल्यामुळें. आपण त्याची समजूत घातल्यामुळें नव्हे.

बहिणाबाई गांवांतच राहिल्या. गांव सोडलेल्या माणसानें काय करावें? याचें उत्तर भालचंद्र नेमाडे यांच्या इ. स. १९६३ मध्यें निघालेल्या ‘कोसला’ कादंबरींत पाहावें. नेमाडे यावल तालुक्यांतील सांगवीचे; त्यांचा पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकतो आणि सर्व बाजूंनीं फसून गांवीं परततो. त्याला गांवाचा गौरवही करावयाचा नाहीं आणि पुण्याची मर्जीही राखावयाची नाहीं. धाकट्या बहिणीच्या मृत्यूचें जें प्रकरण त्यांत आहे तें वाचतांना आपण खानदेशाचें वर्णन वाचत आहों याचें भानही राहत नाहीं. पण पुस्तक मिटल्यावर तें घर आणि तीं माणसें जात नाहींत. लेखकानें वाचकाची भीड सोडली म्हणजे गांव आपोआप पुढें येतें, हें या कादंबरीनें दाखविलें. तिच्यांतील तिरकसपणा आम्हांस कोठें कोठें अति वाटतो. तथापि आमच्या कमळांपेक्षां तो शतपटीनें प्रामाणिक आहे.

आज मेहरूणचें काय आहे तेंही सांगितलें पाहिजे. तें आतां वेगळें गांव नाहीं. जळगांव शहरानें तें पोटांत घेतलें आहे, आणि इ. स. २००३ पासून त्या शहराची महानगरपालिका आहे. जेथें बोरी होत्या त्यांतील पुष्कळ जागीं घरें उभीं आहेत. तलाव आहे; हिवाळ्यांत त्यावर परदेशचे पक्षी उतरतात, आणि अनंतचतुर्दशीस शहराचे गणपती त्यांत जातात. निबंधांतलीं कमळें तेथें आम्हीं कधींच पाहिलीं नव्हतीं. जें गांव असें विरघळत चाललें आहे त्याचें वर्णन हा आतां शिष्टाचाराचा विषय राहिलेला नाहीं. पुण्यास वाढलेल्या आमच्या मुलांना तें आमच्या शब्दांतूनच मिळावयाचें आहे. आम्हीं खोटें सांगितलें तर त्यांच्यापाशीं तेंच मेहरूण राहील.

अशा वेळीं बहिणाबाईंच्या योगी आणि सासुरवाशीण यांच्या गाण्याची आठवण होते. सासुरवाशीण तोंड भरून माहेर गाते आहे. योगी तिला विचारतो, ‘माहेर इतकें गोड, तर सासरीं आलीस कशाला?’ तिचें उत्तर असें कीं, लेकीला माहेर असावें म्हणून आई सासरीं नांदते. लोक या उत्तराकडे चतुर उत्तर म्हणून पाहतात; आम्हांस त्यांत आमच्या सगळ्या प्रश्नाचा निकाल दिसतो. आम्ही दूर बसून ज्याला ‘आमचें गांव’ म्हणतों तें आमच्यासाठीं गांव राहिलें आहे, याचें कारण कोणीतरी तेथें राहून त्याचा उन्हाळा सोसला, शेत राखलें, दार उघडें ठेविलें. गांवाचें वर्णन करण्याचा आमचा अधिकार त्यांच्या राहण्यावर उभा आहे.

म्हणून गांवाविषयींच्या लेखनास आम्ही एकच कसोटी लावूं इच्छितों. परक्यानें ‘वा!’ म्हटलें कीं नाहीं हें नंतर पाहावें. आधीं तें लेखन गांवीं राहिलेल्यांस वाचून दाखवावें. ऐकून त्यांनीं ‘हे कोनतं गाव?’ असें विचारलें, तर कागद मुकाट्यानें घडी करून ठेवावा आणि पुन्हां लिहावयास बसावें. हा लेख आम्ही या मासिकाकडे धाडीत आहों. पण मेहरूणास तो वाचून दाखवावयाचें माणूस आतां आमच्या घरीं उरलेलें नाहीं. तेव्हां शेजारच्या ज्या घरांत अजून दिवाळीचा फराळ आमची वाट पाहतो, तेथें तो वाचूं, आणि ते काय म्हणतात तें खालीं मान घालून ऐकूं.