'मुक्त' कशापासून? : बूटलोडर व फर्मवेअर यांच्या वर्णनातील एका विशेषणाची चिकित्सा

यंत्रविद्येतील परिभाषा हा भाषाभ्यासकाच्या अधिकाराबाहेरचा विषय आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. यंत्र कसे चालते हे सांगणे हे यंत्रज्ञाचे काम, हे खरेच. परंतु यंत्राविषयी केलेले विधान शब्दांनीच केलेले असते, आणि त्या विधानावर विसंबून जेव्हा कोणी पैसे मोजतो किंवा आपली खासगी माहिती यंत्राच्या स्वाधीन करतो, तेव्हा त्या शब्दांचा अर्थ तपासणे हे भाषाभ्यासाचेही काम ठरते. लिनक्सवर चालणाऱ्या फोनांच्या व लहान यंत्रांच्या वर्णनात येणारे 'मुक्त' हे विशेषण अशा तपासणीस पात्र आहे. हे विशेषण एकट्याने वापरले असता अपुरे असते, आणि त्याचा अपुरेपणा हा केवळ शैलीचा दोष नसून त्यामुळे वस्तुस्थिती झाकली जाते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१

प्रथम संज्ञांचा विचार करणे इष्ट होईल. संगणकास वीज मिळताच त्याला काहीही ठाऊक नसते. मेमरीसुद्धा कामास सिद्ध झालेली नसते. या अवस्थेत जी लहानशी संहिता प्रथम चालते, रॅम सिद्ध करते, मुख्य प्रणालीचा गाभा शोधून आणते व त्याच्या हाती नियंत्रण सोपवून दूर होते, तिला बूटलोडर म्हणतात. या नावातील 'बूट' म्हणजे मराठीत पायताणाच्या अर्थी स्थिरावलेला बूटच होय. बुटाची नाडी ओढून स्वतःस वर उचलण्याची एक अशक्य कल्पना इंग्रजीत वाक्प्रचाररूपाने होती, तिच्यातून ही संज्ञा आली. जे अद्याप चालू झालेले नाही त्याने स्वतःस चालू करावे, हा विरोधाभास त्या नावातच नोंदलेला आहे.

'फर्मवेअर' ही संज्ञा १९६७ साली ॲशर ऑप्लर यांनी 'डेटामेशन' या नियतकालिकातील लेखात योजिली. कठीण ते यंत्र आणि मृदू ती आज्ञावली, या दोहोंच्या मधले ते 'घट्ट', असा तिचा आशय. ऑप्लर यांच्यापुढे प्रक्रियकाच्या पोटातील सूक्ष्म आज्ञा होत्या. पुढे उपकरणात कायम वस्तीस असलेल्या कोणत्याही संहितेस हा शब्द लागू झाला. पण मध्यम स्थान दर्शविणाऱ्या या शब्दाने एक प्रश्न जन्मतःच अनिर्णित ठेवला : ही वस्तू यंत्राचा भाग मानावयाची की लेखनाचा? पुढील बहुतेक वाद या अनिर्णयातून उद्भवले आहेत.

आता 'मुक्त' या विशेषणाकडे वळू. इंग्रजीतील 'फ्री' या शब्दात फुकट आणि स्वतंत्र असे दोन अर्थ एकत्र नांदतात, आणि त्या संदिग्धतेचे निवारण करण्यात रिचर्ड स्टॉलमन यांच्या चळवळीची पुष्कळ शक्ती खर्ची पडली. मराठीस ती अडचण नाही. परंतु मराठीची अडचण निराळी आहे. 'मुक्त' हे मूळचे मुच् धातूचे कृदन्त. त्यास अपादानाची अपेक्षा असते. रोगापासून मुक्त, ऋणातून मुक्त, असे आपण म्हणतो. 'खुला' या शब्दास संप्रदानाची अपेक्षा असते : सर्वांस खुला, सभासदांस खुला. 'मुक्तछंद' या समासात अपादान उच्चारलेले नसते, तरी ते निश्चित वृत्तबंधन होय हे वाचकास ठाऊक असते. 'मुक्त विद्यापीठ' यात तर 'मुक्त'च्या वेशात 'खुला' हाच अर्थ वावरतो. 'मुक्त फर्मवेअर' या पदात मात्र कशापासून मुक्त आणि कोणास खुले, ही दोन्ही कारके लुप्त आहेत, आणि ती संकेताने ठरलेलीही नाहीत. प्रत्येक बोलणारा आपल्या सोयीने ती भरून घेतो.

२

ही कारके भरून पाहावयाची तर एखाद्या प्रत्यक्ष फोनमध्ये कोणकोणत्या संहिता कोणत्या क्रमाने चालतात हे पाहावे लागेल. पाइन६४ या संस्थेचा पाइनफोन या दृष्टीने सोयीचा आहे. त्याची प्रारंभीची आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये ग्राहकांकडे रवाना होऊ लागली. त्याच्या पोटात ऑलविनर कंपनीची ए६४ ही चिप आहे.

वीज मिळताच चिपमध्ये कोरलेली संहिता चालते. ती कारखान्यातच घडलेली असून कोणासही, निर्मात्यासही, बदलता येत नाही. ती प्रथम मेमरी कार्डाकडे पाहते. तेथे आरंभापासून ८ किलोबाइट अंतरावर तिला ओळखीची खूण आढळली, तर तेथील सुमारे ३२ किलोबाइटांचा मजकूर ती चिपमधील लहानशा मेमरीत उतरवून घेते. हा मजकूर म्हणजे यू-बूट या बूटलोडरचा पहिला टप्पा. रॅम सिद्ध करणे हे त्याचे मुख्य कार्य. त्यानंतर प्रक्रियकाच्या सर्वोच्च अधिकारपातळीवर राहणारी एक संहिता, मग यू-बूटचा मुख्य भाग आणि शेवटी लिनक्सचा गाभा, असा क्रम लागतो. फोन झोपेत असताना वीज वाचविण्याचे काम एका दुय्यम प्रक्रियकाकडे असते, व तेथे क्रस्ट नावाचे मुक्त फर्मवेअर चालू शकते.

यू-बूटचा इतिहास येथे थोडक्यात सांगितला पाहिजे. वोल्फगांग डेंक यांनी २००० च्या सुमारास पॉवरपीसी प्रक्रियकांसाठी प्रसिद्ध केलेल्या 'पीपीसीबूट'मधून ते निर्माण झाले, आणि इतर प्रक्रियकांसही ते चालू लागल्यावर २००२ मध्ये त्याचे नामांतर झाले. जर्मन भाषेत 'यू-बूट' म्हणजे पाणबुडी. एका प्रसिद्ध जर्मन चित्रपटाच्या नावावरील कोटीमुळे त्यास 'दास यू-बूट' असेही म्हणतात. पाणबुडीप्रमाणेच हे लेखन पृष्ठभागाखाली राहते. घरोघरच्या राउटरांत ते असते आणि वापरणाऱ्यास त्याचा पत्ताही नसतो.

ए६४ ची रॅम सिद्ध करण्याची संहिता कंपनीकडून केवळ यंत्रवाचनीय रूपात आली होती. यू-बूटमधील वाचनीय संहिता स्वयंसेवी अभ्यासकांनी बंद संहितेचे वर्तन तपासून आणि तत्सम चिपांच्या माहितीशी पडताळून सिद्ध केली. ज्याने हस्तलिखितांच्या साहाय्याने लुप्त पाठाची पुनर्रचना केली आहे, त्यास या श्रमांचे स्वरूप सांगावयास नको. येथवर पाइनफोनचे वर्णन 'मुक्त' या शब्दाने केले तर त्यास आधार आहे. किंबहुना मालकाने बिघडलेला बूटलोडर लिहिला तरी कार्ड बदलून फोन पुन्हा उभा राहतो, ही सोय अधिक मोलाची आहे.

परंतु याच फोनात क्वेक्टेल कंपनीचा मोडेम आहे. तो स्वतंत्र संगणकच असून त्याच्या आतही एक लिनक्स चालते. त्या अंतर्गत लिनक्सच्या जागी बव्हंशी वाचनीय अशी पर्यायी रचना स्वयंसेवकांनी केली. मात्र मोबाइल जाळ्याशी प्रत्यक्ष बोलणारी रेडिओची संहिता बंदच राहिली. ब्लूटूथच्या चिपचे व कॅमेऱ्याच्या स्वयंचलित केंद्रीकरणाचे फर्मवेअरही बंद आहे. हा प्रकार नवा नव्हे. २००७ च्या ओपनमोको प्रकल्पातील निओ १९७३ या फोनात यू-बूट होते, लिनक्स होते, आणि दूरभाषेचा मोडेम बंद होता. पहिला शब्द मालकाचा झाला, पण दूरवर पोचणारा शब्द मालकाचा झाला नाही. एकच विशेषण या दोन्ही स्थितींस लावणे म्हणजे भेद पुसून टाकणे होय.

३

या भेदाची दखल घेणारी एक व्याख्या उपलब्ध आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा आदर करणाऱ्या उपकरणांस प्रमाणपत्र देण्याची योजना आखली व २०१२ मध्ये पहिले प्रमाणपत्र दिले. उपकरणातील सर्व संहिता मुक्त असावी हा तिचा नियम. त्यास एक अपवाद आहे. ज्या दुय्यम प्रक्रियकात खरेदीनंतर नवी संहिता घालणे अभिप्रेत नाही, त्याच्या पोटातील संहितेस हा नियम लागत नाही. अशी संहिता जणू विद्युत्‌मंडलाचाच भाग होय, असा यामागील विचार.

या विचारात तथ्य नाही असे नाही. जे निर्मात्यासही बदलता येत नाही, तेथे निर्माता आणि मालक एकाच पायरीवर उभे असतात. दोघांत सत्तेची विषमता उरत नाही. ए६४ च्या कोरलेल्या आरंभसंहितेस हे समर्थन पूर्णतः लागू पडते. परंतु अपवादाची शब्दयोजना 'बदलता येत नाही' अशी नसून 'बदलणे अभिप्रेत नाही' अशा आशयाची आहे. पहिले विधान वस्तूविषयी आहे, दुसरे हेतूविषयी. दोहोंतील अंतर किती मोठे आहे हे लिब्रेम ५ च्या उदाहरणावरून दिसून येते.

प्युरिझम कंपनीने २०१७ साली लोकवर्गणीतून या फोनाचा प्रकल्प हाती घेतला. त्यातील एनएक्सपी कंपनीच्या चिपची रॅम सिद्ध करण्यासाठी एक बंद संहिता अनिवार्य होती. मुख्य प्रक्रियकाने ती हाताळली तर नियमाचा भंग होणार. तेव्हा २०१८ मध्ये कंपनीने पुढील मार्ग जाहीर केला : ती संहिता वेगळ्या मेमरी चिपमध्ये ठेवावी आणि रॅम सिद्ध करण्याचे कार्य दुय्यम प्रक्रियकावर सोपवावे, म्हणजे अपवादाचा लाभ मिळेल.

या मार्गाचे मूल्यमापन करताना न्यायबुद्धी सोडता कामा नये. कंपनीने हे लपविले नाही, जाहीरपणे सांगितले. शिवाय बंद भाग मर्यादित व पृथक् ठेवण्याचे काही तांत्रिक लाभही आहेत. तथापि मूळ प्रश्न शिल्लक राहतो. संहितेतील एक अक्षर बदलले नाही, तिचे कार्य बदलले नाही, ती अधिक वाचनीय झाली नाही. केवळ तिचे स्थान बदलले, आणि तेवढ्याने ती 'संहिता' या वर्गातून 'यंत्र' या वर्गात गेली. ज्या मेमरी चिपमध्ये ती ठेवावयाची ती पुन्हा लिहिता येण्याजोगी असते. म्हणजे येथे यंत्र मालकास अडवीत नाही. व्याख्याच त्यास सांगते की, या ठिकाणी लिहू नये. स्वातंत्र्याचे मापन करण्यासाठी केलेली व्याख्या न बदलण्यास उत्तेजन देऊ लागली, असा हा विपर्यास आहे. उद्या त्या संहितेत दोष आढळला, तर तो दुरुस्त करणारे उपकरण प्रमाणपत्रास मुकेल आणि दोष जपणारे उपकरण पात्र राहील!

४

याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. संहिता पूर्णतः वाचनीय असूनही उपकरण बद्ध असू शकते. यू-बूटचा परवाना मूळ संहिता ग्राहकास देण्यास बांधून घेतो. परंतु बदललेली संहिता त्याच उपकरणात चालली पाहिजे असे बंधन तो घालीत नाही. निर्माता आपल्या सार्वजनिक किल्लीची खूण चिपमध्ये कायमची जाळून ठेवू शकतो. मग त्याची स्वाक्षरी नसलेली कोणतीही संहिता चिप नाकारते. ग्राहकाने मूळ संहिता वाचावी, सुधारावी, मित्रास द्यावी. आपल्याच राउटरमध्ये मात्र घालू नये! जून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीने घरगुती उपकरणांबाबत हा मार्ग बंद केला. पण यू-बूट व लिनक्सचा गाभा दुसऱ्या आवृत्तीवरच चालतात.

स्वाक्षरीची तपासणी स्वतः निंद्य नव्हे. चोरीस गेलेल्या फोनात परक्याने आपला बूटलोडर घालू नये ही अपेक्षा मालकाचीच असते. प्रश्न किल्ली कोणाच्या हाती, एवढाच आहे. गूगलच्या पिक्सेल फोनांत मालकास स्वतःची किल्ली नोंदवून फोन पुन्हा कुलूपबंद करता येतो, आणि त्या फोनांचा बूटलोडर मात्र बंद आहे. एकीकडे वाचता येणारा पण बदलता न येणारा मजकूर, दुसरीकडे वाचता न येणारा पण मालकाची किल्ली मानणारा. यांपैकी 'मुक्त' कोणास म्हणावे? या प्रश्नास उत्तर नाही, कारण प्रश्नातच कारके गाळलेली आहेत.

५

यावरून निष्कर्ष असा निघतो की, फर्मवेअरच्या संदर्भात मुक्तता हा वस्तूचा गुण नसून संहिता आणि व्यक्ती यांमधील संबंध आहे, आणि तो थराथरांतून निराळा असतो. म्हणून उपकरणाच्या वर्णनात प्रत्येक संहितेविषयी चार गोष्टी सांगितल्या जाव्यात : तिचे मूळ रूप कोणास वाचता येते, ती कोठे साठविलेली आहे, ती बदलणे कोणास शक्य आहे, आणि बदललेली संहिता उपकरण कोणाच्या संमतीने स्वीकारते. हे वर्णन जाहिरातीच्या एका शब्दाइतके आकर्षक असणार नाही. परंतु ते खरे असेल.

त्याचे व्यावहारिक मोल लहान नाही. कंपनीने हात काढून घेतल्यावर फोन जगेल की कचऱ्यात जाईल, हे बहुधा या तिसऱ्या व चौथ्या प्रश्नांवर ठरते. जुन्या फोनांस दीर्घायुष्य मिळावे म्हणून २०१७ साली सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएस या प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांना बूटलोडरच्या कुलपाशी येऊन थांबावे लागते ते यामुळेच.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, ज्या पाठाविषयी संपादकांस निश्चिती नव्हती त्याखाली नागमोडी रेघ दिलेली आहे. त्या रेघेने आवृत्तीस उणेपणा आला नाही. उलट ज्या अक्षरांखाली ती नाही त्यांवर विश्वास ठेवण्यास वाचकास आधार मिळाला. मुक्त बूटलोडर सिद्ध करणाऱ्यांचे श्रम मोठे आहेत. आपल्या उपकरणातील बंद संहितेखाली अशी रेघ ओढण्यास ते जेथे कचरले नाहीत, तेथे त्यांचे 'मुक्त' हे विशेषण विश्वसनीय झाले आहे. आणि जेथे ती रेघ व्याख्येच्या आडोशाने पुसली गेली आहे, तेथे त्या विशेषणाचे मोल तेवढेच घटले आहे.