ठाऊक असूनही सुटलेली गोळी

मागच्या वर्षी मी डिप्रेशनची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद केली. बरं वाटत होतं म्हणून. महिन्याभरात आई हातातली कामं टाकून पुण्याला येऊन राहिली. त्या दिवसांत के रेडफिल्ड जेमिसन यांचं 'ॲन अनक्वायट माइंड' (१९९५) वाचलं.

जेमिसन बायपोलर आजाराच्या संशोधक, आणि त्याच आजाराच्या रुग्णही. लिथियमचा गुण १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी नोंदवला. १९५४ साली डेन्मार्कमधल्या मोगेन्स स्काऊ यांच्या चाचणीने त्याला आधार दिला. हे सगळं कोळून प्यायलेली बाई स्वतः मात्र लिथियम पुन्हा पुन्हा सोडते. एकदा तर मरता मरता वाचते.

का सोडते? जास्त डोसमुळे त्यांना वर्षानुवर्षं धड वाचता येईना. डोस कमी झाल्यावर वाचन परत आलं. शिवाय मेनियातली झिंग हवीहवीशी होती. तिची वर्णनं इतकी देखणी आहेत की आजाराची जाहिरात वाटावी. पण ती हवीतच. काय गमवावं लागतं हे कळल्याशिवाय गोळी का सुटते हे कळत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. जेमिसन यांना चांगले डॉक्टर होते, बिलं निस्तरणारा भाऊ होता, सांभाळून घेणारे सहकारी होते. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, ती माणसं पुस्तकात फारशी दिसत नाहीत.

तरी एक गोष्ट मी यातून उचलली. गोळी जड जातेय, हे आता डॉक्टरांना सांगतो. तेव्हा तेवढंच सांगितलं नव्हतं.