कारखाना पाहिला, काम पाहिले का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ‘दप्तराविना दहा दिवस’ सुचवले. गावातले सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्या हाताखाली मुलांनी काही दिवस काम शिकावे, ही त्यामागची कल्पना. २०२४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही आल्या. कल्पना चांगलीच आहे. भीती आहे ती आपल्या सहलीच्या सवयीची.

बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकसारखे ऊसपट्ट्यातले गाव घ्या. सोमेश्वर सहकारी साखर कारखाना तिथून जवळच. अशा भागातल्या क्षेत्रभेटीचा साचा ठरलेला असतो. गव्हाणीपासून पोत्यापर्यंत रांगेने फिरायचे, तळहातावर गरम साखर घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी निबंध लिहायचा. साखर कशी होते हे मुलांना कळते. ती कोण करतो, हे कळत नाही. मग व्यवसायाची ओळख कशी होणार?

पॅनजवळचा कामगार पाकाचा नमुना काचेवर घेऊन उजेडात धरतो. दाणे किती वाढले हे पाहून पुढचे ठरवतो. पॅनमधला दाब कमी ठेवल्याने पाक १०० अंश सेल्सिअसच्या बऱ्याच खाली उकळतो आणि साखर करपत नाही. प्रयोगशाळेतला रसायनज्ञ रसाचा सामू तपासतो. रस आम्ल राहिला, तर तापवताना सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते आणि तेवढी साखर हातची जाते. पुस्तकातले दोन धडे इथे दोन माणसांची रोजची जबाबदारी झालेले असतात. त्यांना विचारायला हवे: हे कुठे शिकलात? चूक झाली तर काय होते? हंगाम संपल्यावर काय करता?

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. त्यापुढे दहा दिवस थोडे आहेत. ते दहा ठिकाणी वाटले, तर हाती काहीच उरणार नाही.

म्हणून शिक्षकांना सुचवावेसे वाटते: ठिकाणे दोनच निवडा, पण तिथे पुन्हा पुन्हा जा. दोन मुलांमागे एक कामगार, एक मोजमाप आणि एक वही असू द्या. वेल्डिंगच्या दुकानात मुलींना आणि शिवणकामाच्या दुकानात मुलांनाही पाठवा.

आणखी एक. हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात उतरतात. त्यांची मुलेही बरोबर असतात. आपली मुले जे पाहायला जातात, ते त्या मुलांच्या घरचे रोजचे काम असते. कारखाना दाखवताना त्या मुलांकडे पाठ फिरवून पुढे गेलो, तर आपण अर्धाच कारखाना दाखवला असे होईल.